झालं की सांगा

मुलुंड पूर्व
रविवार, दुपार

प्रिय अबोली,

पाकिटावरच्या अक्षरावरून तुला काही कळलं नसणार, कारण माझं अक्षर तू कधी पाहिलेलंच नाहीस. आजवर आपण एकमेकींना जे काय लिहिलं ते सगळं टाइप करून. तर हे असं आहे. आई याला कोंबडीचे पाय म्हणते. तुझा पत्ता तुझ्या आईने, नलिनीकाकूंनी दिला. बोरिवलीला तुमच्या घरी गेले होते मी. काकूंनी थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा, आणि मी तुझा नवा नंबर मागितला तर म्हणाल्या, कोणालाही द्यायचा नाही असं बजावून गेलीय ती. मग जरा वेळ पंख्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, पत्त्याबद्दल मात्र काही बोलली नव्हती हो. म्हणून हे पत्र. रागवायचं असेल तर त्यांच्यावर रागाव. मी फक्त थालीपीठ खाल्लं.

काकू सांगत होत्या की देवरुखला मामाच्या नर्सरीत तू आंब्याची कलमं बांधतेस, आणि तुझी कलमं जगतात म्हणून मामा खूश आहेत. जगणारच. तुझ्याइतका धीर धरून एकेक टप्पा करणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. पण लॅपटॉप चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलायस म्हणे. तो तिथे ठेवू नकोस यार. कोकणातली हवा आहे ती, बोर्डाला बुरशी धरेल. बघ, आता मी तुला असले सल्ले द्यायला लागले.

मी आहे तशीच आहे. मधे चारकोपला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणाऱ्या एका गाळ्यात काम धरलं होतं. मालक चांगला होता, पण रोज सकाळी त्याच शटरपाशी त्याच वेळेला उभं राहायचं म्हटलं की मला अंगावर काटा येतो, तुला माहितीये. एक दिवस गोरेगावला एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप पोचवायला निघाले आणि समोर आरेची बस दिसली म्हणून चढले. लॅपटॉप मांडीवर, खिडकीतून झाडं, मधेच एका तबेल्यापाशी बस थांबली कारण म्हशी रस्ता सोडेनात. उतरून एका पाड्यावरच्या बाईशी गप्पा मारत बसले, तिचा मिक्सर चालत नव्हता, तो उघडून दिला. गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत फोन करत होतं. मालकाने काढलं असं नाही म्हणणार, पण दुसऱ्या दिवशी तो मला चहा विचारायला विसरला, मग मीच गेले नाही. आई म्हणते, कॉलेज अर्धं, नोकरी अर्धी, पोळीसुद्धा अर्धी टाकून उठतेस. आईचं बरोबर आहे. पण हे पत्र मी पूर्ण करणार आहे.

तुला आठवतं का आपली ओळख कशी झाली? मी तेव्हा हिमाचलमध्ये एका हॉस्टेलवर राहत होते, राहण्याच्या बदल्यात त्यांचे कम्प्युटर सांभाळायचे असा सौदा. कम्प्युटर येत नव्हता मला धड. त्यांच्या जुनाट मशिनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं की ते परत चालायला लागतात एवढंच कुठेतरी ऐकलेलं. टाकलं, आणि वायफाय गेलं. बर्फात बसून मी मोबाइलवरून पेंग्विन कट्ट्यावर, लिनक्सवाल्यांच्या त्या मराठी फोरमवर, प्रश्न टाकला, मराठीत, तीन ओळींत चार चुका. निहारने लगेच लिहिलं की आधी नियम वाचा. कट्टा चालवणाऱ्या सुबोधकाकांनी लिहिलं की स्क्रीनचा फोटो चालत नाही, मजकूर चिकटवा. आणि तू लिहिलंस, शेवटचं काय बदललं होतं? मी म्हटलं, काही नाही. तू परत, बरं, पण त्या आधी काय करत होतात? मग कळलं की मी कीबोर्ड ओल्या फडक्याने पुसला होता आणि त्यात विमानाच्या चित्राचं बटण दाबलं गेलं होतं. सगळा कट्टा हसला असता, पण तू फक्त लिहिलंस, होतं असं, आणि खाली ते तुझं नेहमीचं वाक्य, झालं की सांगा. मी सांगितलं. नियमाप्रमाणे प्रश्नापुढे 'सुटलं' लिहिलं. आपल्या कट्ट्याची ती पद्धत मला तेव्हा फार आवडली होती. उत्तर कोणीही देऊ दे, पण 'सुटलं' हे ज्याने विचारलं त्यानेच लिहायचं, दुसऱ्या कोणी नाही, काकांनीसुद्धा नाही. तोवर तो प्रश्न लाल रंगात सगळ्यांच्या वर लटकत राहतो.

घाटकोपरच्या मालनताईंचा प्रश्न अजून लाल आहे, अबोली. बघ, आलेच शेवटी मुद्द्यावर. पत्र इथे फाडू नकोस, पुढे वाच. तू गेलीस त्यानंतरचं तुला काहीच माहीत नाहीये.

तुला माहिती आहे तेवढं आधी, म्हणजे आपण दोघी एकच गोष्ट बोलतोय हे नक्की होईल. मालनताईंना जुन्या लॅपटॉपवर नवं लिनक्स टाकायचं होतं, स्वतःच्या हाताने. त्यासाठी ते पेनड्राइव्हवर उतरवायला हवं. तू म्हणालीस आधी बॅकअप घ्या. त्यांनी मोठी बाहेरची हार्ड डिस्क जोडून बॅकअप घेतला. संध्याकाळी तू जोडलेल्या डिस्कची यादी मागवलीस, त्यात पेनड्राइव्हचं नाव होतं एसडीबी. तू त्या नावाने आदेश लिहून दिलास आणि म्हणालीस, सकाळी निवांत करा, झालं की सांगा. मधे त्यांच्याकडे वीज गेली, लॅपटॉप बंद पडला. सकाळी त्यांनी तो सुरू केला, बॅकअपची डिस्क जोडलेलीच होती, आणि या वेळी यंत्राला ती आधी दिसली. ही नावं काय कायमची थोडीच असतात, शाळेत जो आधी आला त्याला पहिला नंबर असली तऱ्हा. तर त्या सकाळी एसडीबी ही डिस्क होती. मालनताईंनी तुझा आदेश अक्षर न् अक्षर बघून लिहिला आणि नवं लिनक्स पेनड्राइव्हऐवजी डिस्कवर जाऊन बसलं. त्याच डिस्कवर आधीपासून त्यांच्या नवऱ्याची गाणी होती. भाऊराव वारलेले. गाणी दुसरीकडे कुठेही नव्हती, लॅपटॉपमध्ये जागाच नव्हती तेवढी.

पुढे कट्ट्यावर जे झालं ते झालं. निहारने लिहिलं, नवख्या माणसाच्या हातात असला आदेश कोण देतं. खाली आणखी चौघांनी शहाणपणा केला. तू एक ओळ लिहिलीस, माफ करा, चूक माझी, आणि गेलीस. कट्टा सोडलास, नंबर बदललास, महिन्याभरात मुंबईही सोडलीस.

आता तुला जे माहीत नाही ते. तुझ्या त्या ओळीच्या खाली मालनताईंनी थोड्या वेळाने लिहिलं होतं, ताई, आता पुढे काय करू? बाकीचे तोपर्यंत आपसात भांडत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत लिहिलं, ताई आहात का? तिसऱ्यांदा नाही लिहिलं.

मग पावसाळा संपल्यावर काकांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कट्ट्याची बैठक होती. मी उशिरा पोचले, अर्थातच. वडे संपलेले. आणि दारात एक बाई उभ्या, निळी साडी, हातात पिशवी, आत येऊ की नको अशा. मला म्हणाल्या, इथे अबोलीताई कोण? मी म्हटलं, ती नाही आली, तुम्ही? म्हणाल्या, मी मालन घाटकोपर. कट्ट्यावर त्यांचं नाव तसंच आहे ना, तेच सांगितलं त्यांनी. आतल्या सगळ्यांनी ऐकलं. निहार बुटाची नाडी बांधायला लागला, सुटलेली नसताना. काकांनी खुर्ची दिली. बाईंनी पिशवीतून मफलर काढला, त्यात डिस्क गुंडाळलेली. भाऊरावांचा मफलर. गाणाऱ्या माणसाला गळा सांभाळावा लागतो म्हणून ते उन्हाळ्यातसुद्धा घालायचे, हे मला नंतर कळलं.

आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. आणि त्या काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, अबोलीताई म्हणाल्या होत्या झालं की सांगा. मी सांगितलं, पण त्या उठून गेल्या. मला त्यांच्यावर ओरडायचं नाहीये हो, मला फक्त पुढचं विचारायचं होतं. सगळे मला मशीन बदला म्हणत होते. मुलगी दर्शना, नाशिकला असते, ती म्हणते नवा लॅपटॉप घेऊन देते, हा टाक. एक अबोलीताईच होत्या ज्या म्हणाल्या, करू आपण, एकेक करून.

मी हे जसंच्या तसं लिहितेय. माझी आठवण बाकी कशात चालत नाही, पण माणसाचं बोलणं राहतं डोक्यात.

तर त्यानंतर मी घाटकोपरला जायला लागले. मालनमावशी पंतनगरच्या पुढे राहते. दुसऱ्या भेटीतच ती मावशी झाली, कारण मी मुलुंडच्या कुठल्या वस्तीतली, आईचं माहेर कुठलं, हे विचारून झाल्यावर असं निघालं की चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या इथे गाणारी जी गायन पार्टी यायची ती भाऊरावांचीच होती. म्हणजे मी लहानपणी ज्यांच्या स्टेजखाली सतरंजीवर झोपून गेलेली असायचे ते हे भाऊराव. पांढरा शर्ट, एक हात कानावर. दिवसा फिटरचं काम आणि संध्याकाळी तालीम. मला गाणं आठवत नव्हतं, पण कडव्याच्या शेवटी ते ढोलकीवाल्याकडे बघून मान झटकायचे ते आठवलं. मावशीला सांगितलं तर ती उठून आत पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

डिस्कचं सांगते, तुला तेच वाचायचं असणार. काकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं की मूळ डिस्कला हात लावायचा नाही, आधी तिची पूर्ण नक्कल घ्यायची आणि जे काय करायचं ते नकलेवर. तेवढी मोठी रिकामी डिस्क निहारने आणून दिली. अंधेरीहून स्वतः आला घेऊन, मावशीच्या दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तर म्हणाला नको, चप्पल ओली आहे. ओली नव्हती. मावशीने हाताला धरून आत घेतलं आणि पोहे दिले. नंतर नक्कल करताना त्याने डिस्कचं नाव तपासलं, मला तपासायला लावलं, मग एकेक डिस्क काढून, कुठली नाहीशी होते ते बघून परत तपासलं. मावशी म्हणाली, अरे, किती वेळा बघशील. त्याने परत एकदा बघितलं. त्या दिवसापासून कट्ट्यावर कोणी असला आदेश लिहिला की निहार खाली लिहितो, आत्ताची यादी टाका, कालची नको.

नवं लिनक्स बसलं ते डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर. फायलींच्या नावांची यादी तिथेच होती, ती गेली. पण मागची जागा तशीच होती. तिथून एकेक फाइल वेचून काढणारा प्रोग्राम असतो तो लावला, आणि अबोली, गाणी यायला लागली गं. नाव नाही, तारीख नाही, प्रत्येकीला नुसता लांबलचक नंबर. मधेच त्या नव्या लिनक्सची चित्रं आणि टिंगटिंग आवाजही निघायचे, म्हणजे एका फाइलमध्ये भाऊराव आलाप घेतायत आणि पुढची फाइल डोंगराचा वॉलपेपर. मावशी म्हणाली, हे पण ठेव, चांगला आहे डोंगर.

आता त्या नंबरांना नावं द्यायची तर प्रत्येक फाइल ऐकावी लागणार. मी मावशीला म्हटलं, तू फक्त सांग कुठलं गाणं, मी लिहिते. तिने लॅपटॉप जरा लांब सारला. मग म्हणाली, मी हे ऐकलेलं नाहीये. मी म्हटलं, म्हणजे? म्हणाली, ते गेल्यापासून एकदाही नाही. कपाटात ठेवली होती डिस्क. आहे हे माहीत असलं म्हणजे झालं, असं होतं माझं.

पहिल्या दिवशी आम्ही एकच फाइल ऐकली. दुसऱ्या खेपेला बऱ्याच. मग ते रोजचंच झालं, मी दुपारी जायची, मावशी शेंगा भाजून ठेवायची, आणि आम्ही दोघी एकेक कानात इअरफोनचं टोक घालून बसायचो. मी, जी कुठेच टिकत नाही, ती तिथे टिकले. मला वाटलेलं की तिला गाणी ओळखू येतील. तिला गाण्यांच्या मागचं ओळखू यायचं. त्या सगळ्या घरातल्याच तालमी होत्या ना. पेटीचा भाता कुठे फुसफुसतोय त्यावरून ती सांगायची, हे दुरुस्तीच्या आधीचं. ढोलकीवाला धम्मपाल दाराशी येऊन माफी मागतोय आणि भाऊराव त्याला झापतायत, आलात साहेब, आम्ही जयंती पुढे ढकलायची का? एकात कुकरची शिट्टी, आणि भाऊराव गाणं थांबवून, मालन, तीन झाल्या. ते ऐकून ती इतकी हसली की शेंगांची ताटली सांडली. फायलींना नावंही तिने तशीच दिली. धम्मपाल उशिरा आला ती. कुकरची. दर्शना लहान आहे आणि मधे मधे बोलते ती. मी म्हटलं, गाण्याचं नाव घालूया का? म्हणाली, गाणी सगळ्यांना येतात गं.

शेवटी शेवटी खोकला यायला लागला फायलींमध्ये. त्यांची नावं तिने दिली नाहीत. नंबर राहू दे म्हणाली.

सगळं परत आलं असं मी तुला लिहिणार नाही, तुला खोटं कळतं. सुरुवातीच्या भागावर जे होतं ते गेलं, आणि तिथे सगळ्यात जुनं होतं. लग्नाच्या आधी भाऊरावांनी तिच्या माहेरच्या वस्तीत म्हटलेलं एक गाणं, कॅसेटवरून उतरवून घेतलेलं. ते आम्ही खूप शोधलं. निहारने तीन-चार वेगवेगळे प्रोग्राम लावून पाहिले. नाही मिळालं. मावशीला सांगायचं कोणी म्हणून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, तर तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, त्यात फार खरखर होती तशीही. आणि स्वयंपाकघरात गेली. जरा वेळाने आतून तेच गाणं ऐकू आलं, भांड्यांच्या आवाजात, हळू. मोबाइल माझ्या हातात होता. मी रेकॉर्ड केलं नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही.

चूक तुझी होती का, हे तू देवरुखला बसून स्वतःला विचारत असशील, म्हणून माझं मत सांगते. थोडी होती. कालच्या यादीवर आजचा आदेश द्यायला नको होता. थोडी मावशीची, डिस्क काढून ठेवायला हवी होती. थोडी वीज गेली तिची. हे मी एकदा मावशीसमोर बोलले तर ती म्हणाली, वाटे काय घालतेस मटणासारखे. मग म्हणाली, एक सांगू का, फायलींची नावं नीट राहिली असती ना, तर डिस्क परत कपाटात गेली असती, मी ऐकलं नसतं मरेपर्यंत. हे तुझ्या बाजूने बोलली की नुसतंच बोलली, ते तू ठरव. मी जे ऐकलं ते लिहिलं.

नंतर नवं लिनक्स लॅपटॉपवर तिनेच बसवलं. मी शेजारी हाताची घडी घालून. पेनड्राइव्हचं नाव तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. झालं तेव्हा मी म्हटलं, चल, आता कट्ट्यावर जा आणि त्या जुन्या प्रश्नापुढे 'सुटलं' लिही, काका वाट बघतायत. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं पण सुटलंय. ती म्हणाली, झालं की सांगा असं ज्या पोरीने म्हटलं तिला सांगेन. ती नाही तर मी कोणाला सांगू? काकांनी फोन करून समजावलं, नियम दाखवला. तिने नियमच त्यांना ऐकवला, ज्याने विचारलं त्यानेच लिहायचं, दुसऱ्या कोणी नाही. काका म्हणाले, बाई वकील व्हायला हवी होती.

आणि आता मी हे पत्र का लिहायला बसले ते. जयंती जवळ आलीय. या वर्षी बिल्डिंगच्या आवारात सकाळी भाऊरावांचा आवाज लावायचं ठरलंय, धम्मपालकाका म्हातारे झालेत पण येणार आहेत, म्हणतात या वेळी उशीर नाही करणार. दर्शनाने नाशिकहून मोठा बिनतारी स्पीकर पाठवलाय. तर मंगळवारी कट्ट्यावर मालनमावशीचा नवा प्रश्न आला. स्पीकर जोडला जातो, त्याचा दिवा लागतो, पण गाणं लॅपटॉपमधूनच बारीक वाजतं, काय करावे? आणि वर ठळक अक्षरात, अबोलीताईंसाठी. अबोली, या प्रश्नाचं उत्तर कट्ट्यावर सगळ्यांना येतं. मला येतं. सेटिंग्जमध्ये जाऊन एका जागी बोट लावायचं, बस. माझा अंदाज आहे की मावशीलाही येत असावं. पण कोणीही लिहिलेलं नाही. ज्या निहारला दुसऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची खोड आहे, तो रोज उघडतो, वाचतो आणि बंद करतो. काकांनी मला फोन केला, म्हणाले उत्तर लिहून ठेवलंय, पाठवत नाहीये, बोटं शिवशिवतायत नुसती. काल एका नव्या पोराने भाबडेपणाने बरोबर उत्तर टाकलं तर काकांनी ते काढून टाकलं. कट्ट्यावर बरोबर उत्तर काढून टाकल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. मावशीला मी तुझा पत्ता दिलेला नाही, आणि हे पत्र तुला लिहितेय हेही सांगितलेलं नाही. ती अजून एका कानात इअरफोन घालून बसते, दुसरं टोक माझ्यासाठी मोकळं सोडून. तेव्हा माळ्यावरून ते चादरीचं गाठोडं खाली काढ, धूळ झटक, कट्टा उघड, मुंबईला यायचं की नाही ते नंतर बघू. उत्तर लगेच देऊ नकोस. आधी तिला विचार, शेवटचं काय बदललं होतं. तिला खूप सांगायचंय.

तुझीच,
मित्रा
(संघमित्रा. काकूंच्या शेजारच्यांना वाटलं मी कुरिअरवाली.)